सडा पडीक आहे, हे कोणत्या महिन्यात ठरलं?

राजापूर किंवा रत्नागिरी तालुक्यातल्या सड्याचा, म्हणजे जांभ्या कातळाच्या उघड्या पठाराचा, सात-बारा काढला की त्यावर बहुधा वरकस नाहीतर पोटखराबा, म्हणजे हलकी किंवा लागवडीला अयोग्य जमीन, असा शेरा सापडतो. महसुलाच्या हिशोबानं तो बरोबरच आहे. जिथं भात होत नाही, नाचणी होत नाही, त्या जांभ्या कातळावर सारा तो काय बसवणार? घोळ पुढे होतो. पिकापुरता लिहिलेला तो शेरा हळूहळू जमिनीचं वर्णन होऊन बसतो. मग कारखाना असो, चिरेखाण असो की सुरुंगानं खड्डे पाडून, बाहेरून माती आणून केलेली हापूसची बाग असो, ‘तिथं होतं काय?’ एवढं म्हटलं की काम भागतं.

तिथं काय होतं, याचं उत्तर देण्याची एक जुनी रीत आहे. झाडाची फुलाफळासकट फांदी घ्यायची, लहान रोप असेल तर मुळापासून काढायचं, टीपकागदात दाबून वाळवायचं, जाड कागदावर पक्कं करायचं आणि कोपऱ्यात लिहायचं: कुठं मिळालं, कोणत्या तारखेला, कोणी काढलं. ही झाली हर्बेरियम शीट. इटलीत लुका घिनीनं सोळाव्या शतकात ही रीत शिकवली असं मानतात, आणि आज जगभरातल्या तीन हजारांहून जास्त संग्रहांत मिळून चाळीस कोटींच्या आसपास नमुने आहेत. आपल्याकडे बी.एस्सी. केलेल्यांना हा शब्द ऐकून प्रॅक्टिकलची फाइल आठवेल, ज्यात जास्वंद, सदाफुली आणि कोणाकडून तरी मागून आणलेली चार पानं असतात आणि परीक्षा झाली की जी रद्दीत जाते. तेवढ्यावरून या प्रकाराची किंमत करू नये.

माझं म्हणणं सरळ आहे. सड्याचा निकाल अशा कागदांवरून लागला पाहिजे. ते कागद पावसाळ्यात गोळा केलेले असले पाहिजेत. आणि त्यांची एक प्रत कोकणात, कोकणातल्या माणसाला हात धुऊन बसून बघता येईल अशा जागी असली पाहिजे.

पावसाळ्याचा मुद्दा आधी घेतो, कारण सगळी गोम तिथंच आहे. एप्रिल-मे महिन्यात सड्यावर उभं राहिलं तर खरोखरच काही दिसत नाही. काळा पडलेला कातळ, वाळलेलं गवत, मधूनच एखादं करवंदीचं जाळं. सड्यावरची बहुतेक वनस्पती तेव्हा जमिनीखाली असते, कंद म्हणून, नाहीतर भेगेतल्या चिमूटभर मातीत बी म्हणून. पहिला पाऊस झाला की दीपकाडी वर येते. पांढरी, नाजूक, थोड्या दिवसांची पाहुणी. तिच्या मागोमाग डबक्यांच्या कडेनं इवल्या गोल फुलोऱ्यांचा गेंद, सीतेची आसवं, तेरडा, कंदीलपुष्पं. सप्टेंबर सरता सरता खेळ आटोपतो. आता आपल्याकडे प्रकल्पासाठी पर्यावरणाचा अहवाल करतात तेव्हा बहुतेक वेळा एका ऋतूची पायाभूत माहिती चालते, आणि तो ऋतू पावसाळा सोडून घ्यायचा असतो. हवेतली धूळ मोजायला हे ठीक आहे, पावसात धूळ बसते. पण तोच नियम वनस्पतींनाही लागतो, आणि मग सड्याची मोजदाद नेमकी सडा झोपलेला असताना होते. त्यात लबाडी करायची कोणाला गरजच पडत नाही. नियम पाळला तरी ‘विरळ खुरटी वनस्पती’ हेच उत्तर येणार.

या दीपकाडीचंच घ्या. वनस्पतिशास्त्रातल्या तिच्या नावात कोकण आहे: डिप्काडी कोंकानेन्स. तिचं पहिलं शास्त्रीय वर्णन एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर निकोल डालझेल या स्कॉटिश माणसानं केलं. हा गृहस्थ मुंबई इलाख्यात जकात खात्यात नोकरीला आला आणि पुढे जंगलखात्याचा प्रमुख झाला. मिठाच्या आणि अफूच्या जकातीचा हिशोब ठेवता ठेवता त्यानं झाडं गोळा केली, आणि १८६१ साली अलेक्झांडर गिब्सनबरोबर मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा पहिला मोठा ग्रंथ छापला. त्याचे नमुने लंडनजवळच्या क्यू उद्यानाच्या संग्रहात आहेत, जिथं असे सुमारे सत्तर लाख कागद आहेत. म्हणजे ज्या फुलाला कोकणाचं नाव आहे त्याचा मूळ कागद बघायचा तर राजापूरच्या पोरानं विलायतेला जायचं. हल्ली क्यूनं आपला संग्रह स्कॅन करायला घेतलाय, तेव्हा मोबाइलवर दिसेलही. पण त्या चित्राचं काय करता येतं आणि काय येत नाही, याकडे पुढे येतो.

डालझेलला चोर म्हणण्याची फॅशन आहे, मला ती फारशी पटत नाही. त्यानं लिहून ठेवलं म्हणून निदान एवढं तरी कळतं. राग यायचाच तर दुसऱ्या गोष्टीचा यावा. त्या काळच्या कागदांवर साहेबाचं नाव असतं. झाड दाखवणाऱ्या, डोंगर चढून ते काढून आणणाऱ्या माणसाचं नसतं. गिब्सननं पुण्याजवळच्या दापोडीच्या बागेत १८४७ ते १८५० या काळात एका चित्रकाराकडून झाडांची सुंदर चित्रं करून घेतली. ती आज एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात आहेत. चित्रकार पोर्तुगीज-भारतीय होता एवढंच माहीत आहे. एवढ्या बारकाईनं प्रत्येक पाकळी रंगवणाऱ्या माणसाचं नाव टिपायला कोणाला सवड झाली नाही. याच्या उलट त्याच्या पावणेदोनशे वर्षं आधी मलबारात डच गव्हर्नर व्हान ऱ्हेडनं झाडांचा जो बारा खंडांचा ग्रंथ करवला, त्यात रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोकणी वैद्यांची नावं आहेत, त्यांची १६७५ सालची नागरी अक्षरांतली साक्षही छापलेली आहे. म्हणजे नाव टिपायचं मनात असलं तर तेव्हाही जमत होतं. कोकणात नवा संग्रह झालाच तर त्याच्या लेबलवर ‘कोणी काढलं’ याच्या खाली ‘कोणी दाखवलं’ असा एक रकाना हवा. आणि तो भरल्याशिवाय शीट दाखल करू नये.

लेबलाचा एवढा आग्रह का, तर त्याच्यावाचून शीट म्हणजे वाळलेलं गवत. बाजारात फुलं दाबून, काचेत किंवा रेझिनमध्ये बसवून विकतात. दिसतात छान, भिंतीवर लावावीत. पण त्यांच्यावर तारीख नाही, जागा नाही, त्यामुळे त्यांना काही विचारता येत नाही. तारीख-जागा असलेल्या कागदाला दोनशे वर्षांनीही नवे प्रश्न विचारता येतात, असे प्रश्न जे झाड दाबणाऱ्याच्या स्वप्नातही नसतील. इंग्लंडमध्ये वुडवर्ड नावाच्या संशोधकानं जुन्या शीटवरच्या पानांची सूक्ष्म रंध्रं मोजली आणि १९८७ साली दाखवलं की हवेतला कार्बन डायॉक्साइड वाढला तसतशी दोनशे वर्षांत रंध्रांची दाटी सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाली. पानं दाबणाऱ्यांपैकी कितीकांना तर कार्बन डायॉक्साइड हे प्रकरणच माहीत नसणार. आयर्लंडच्या १८४५ च्या बटाट्याच्या दुष्काळातला रोग नेमका कोणत्या वाणाचा होता, हे २०१३ साली कळलं, तेही संग्रहांत पडून राहिलेल्या रोगट पानांच्या डीएनएवरून. नवी जात म्हणून जाहीर झालेल्या वनस्पतींचा २०१० साली एक हिशोब निघाला, त्यात पाचच वर्षांच्या आत नाव मिळालेल्या जाती फक्त १६ टक्के निघाल्या. जवळजवळ पाव जातींचे नमुने पन्नासहून जास्त वर्षं कपाटात पडून होते. नवं झाड पुष्कळदा जंगलात सापडत नाही, कपाटात सापडतं.

आता या कपाटात कोकणातलं काय आहे, हा प्रश्न रास्त आहे. बरंच आहे, पण बाहेर. मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजात ब्लॅटर हर्बेरियम आहे, स्विस जेझुइट फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांच्या नावाचं. तिथंच काम केलेले फादर सांतापाव पुढे भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे संचालक झाले. पुण्यात या सर्वेक्षणाचं पश्चिम मंडल आहे, आणि आघारकर संशोधन संस्थाही. शंकर पुरुषोत्तम आघारकर जन्मानं मालवणचे, १८८४ चे. बर्लिनमध्ये शिकले, कलकत्त्यात शिकवलं, आणि १९४६ मध्ये ज्या संस्थेची पुण्यात उभारणी केली तिला १९९२ मध्ये त्यांचं नाव मिळालं. त्याच संस्थेच्या अभ्यासकांनी २०२० साली सिंधुदुर्गातून गेंदाची एक नवी जात जाहीर केली. मालवणच्या माणसाच्या नावाची पुण्यातली संस्था सिंधुदुर्गात येऊन नवी जात शोधते, याचा अभिमान वाटतो, आणि थोडी चिडचिडही होते. आपण शिकलेली माणसं पाठवतो, मनीऑर्डरीची सवय आहेच. झाडांचंही तसंच व्हावं का?

या गेंदावरूनच फोटोच्या मुद्द्याकडे येतो. आज कोणीही म्हणेल, फोन आहे, ॲप आहे, फोटो टाकला की नाव येतं, जीपीएस आपोआप लागतं, मग झाड उपटायचं कशाला? पळसाला, पांगाऱ्याला हे चालेल. पण गेंदाच्या कितीतरी जाती वरून सारख्या दिसतात. त्या ओळखायच्या तर मोहरीपेक्षा बारीक फुलाचे भाग सोलून सूक्ष्मदर्शकाखाली बघावे लागतात, बियांच्या पृष्ठावरची नक्षी बघावी लागते. फोटोत ते नाही, आणि उद्या लागेल तो डीएनए तर नाहीच. फोटोवर किती भिस्त ठेवावी याचा एक मोठा प्रयोग इतिहासानं करून दाखवलेला आहे. शिकागोच्या फील्ड म्युझियमचा मॅकब्राइड नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ १९२९ पासून युरोपातल्या संग्रहांत, आणि आधी बर्लिनमध्ये, मूळ नमुन्यांचे हजारो फोटो काढत बसला होता. १९४३ च्या मार्चमध्ये, १ आणि २ तारखेच्या मधल्या रात्री, बाँबहल्ल्यात बर्लिनचा संग्रह बहुतांश जळाला. पुष्कळ जातींचा मूळ कागद गेला आणि मॅकब्राइडचा फोटो तेवढा राहिला. ते फोटो आजही वापरतात, आणि त्यांच्यावर शंका आली की पुढे जाता येत नाही, कारण कृष्णधवल फोटोतलं फूल उघडता येत नाही. ज्यांच्या जोडप्रती दुसऱ्या गावी पाठवलेल्या होत्या, त्या जाती वाचल्या. तेव्हा फोटो काढावेतच, पण कागदाच्या जोडीनं.

दुसरी हरकत जास्त वजनदार आहे. दुर्मीळ झाड उपटून आपण त्याला दुर्मीळतर करत नाही का? करतो, आणि केलेलं आहे. संग्राहकांच्या हावेनं ऑर्किडांची वाट लागल्याच्या गोष्टी जुन्या आहेत. वीस रोपं असतील तर एक घ्यावं असा एक साधा दंडक पाळतात, आणि जिथं तेवढीही नाहीत तिथं फक्त एक फुलोरा, कंद जागेवर. दीपकाडीला तर तेच बरं, कारण कंद नीट मारला नाही तर तो दाबपेटीतसुद्धा कोंब काढतो. शिवाय दुर्मीळ जातीच्या लेबलवरचा नेमका ठिकाणा सगळ्यांना उघडा ठेवू नये, गावाचं नाव पुरे.

आणि देवराई. तिथली काडीसुद्धा मोडायची नाही हा कोकणातला कायदा कोणत्याही अधिनियमापेक्षा जुना आहे, आणि माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात देवरायांवर लिहिलं तेव्हा त्याची शास्त्रीय किंमतही दाखवून दिली. मग देवराईत नमुना घ्यायचा की नाही? माझं मत: गावकर-मानकऱ्यांना विचारावं, त्यांनी देवापुढं गाऱ्हाणं घालून होकार दिला तर घ्यावा, नाही म्हणाले तर घेऊ नये. खाली पडलेलं फळ, वाऱ्यानं मोडलेली फांदी यांवरही काम होतं. गावानं दिलेला नकार हीदेखील नोंद आहे, ती तारखेसकट लिहून ठेवावी.

तिसरी हरकत हवेची. कोकणात आषाढ-श्रावणात चपलांना बुरशी येते, तिथं वाळलेली झाडं कशी टिकणार? ही चेष्टेवारी नेण्यासारखी हरकत नाही. पावसात नमुना वाळवायचा तर टीपकागद रोज बदलावे लागतात, खाली उष्णता द्यावी लागते. नंतर कसर आणि भुंगे. पूर्वी यासाठी कागद पाऱ्याच्या क्षाराच्या द्रावणातून काढत, जे कीटकांइतकंच माणसालाही विष. आता शीट पिशवीत घालून डीप फ्रीझरमध्ये ठेवतात. मग कोरडी खोली, डीह्युमिडिफायर, आणि लाइट गेल्यावर चालेल असा जनरेटर. खर्च आहे. पण मुंबई काही राजस्थानात नाही, ब्लॅटर हर्बेरियम समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. सिंगापूर विषुववृत्ताला टेकलेलं आहे आणि तिथल्या वनस्पती उद्यानात साडेसात लाखांच्या आसपास नमुने सुखरूप आहेत. आणि वाळवून टिकवणं म्हणजे काय हे ज्या किनाऱ्याला सोलं, आंबोशी आणि सुकट यांतून पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे, त्यानं हवेची सबब सांगू नये. जिल्हा नियोजनातून गावोगावी कमानी आणि सेल्फी पॉइंट होतातच. एका कमानीच्या पैशांत कपाटं येतील.

कुठं करायचं? दापोलीला १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे, मला ती जागा योग्य वाटते. कोणाला ती लांब वाटली तर कुडाळ, रत्नागिरी, काहीही. जागेवरून भांडण लावून प्रश्न बाजूला ठेवण्याची आपली पद्धत मात्र इथं नको. महत्त्वाचं हे की प्रत्येक नमुन्याच्या तीन प्रती व्हाव्यात, एक इथं, एक पुण्याला, एक मुंबईला. बर्लिनचा धडा तोच आहे. आणि धोका फक्त बाँबचा नसतो. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठानं २०२४ मध्ये आपला सव्वाआठ लाख नमुन्यांचा संग्रह बंद करायचं जाहीर केलं, कारण सांभाळायला पैसा लागतो. श्रीमंत विद्यापीठाची ही गत, तर आपण एकाच कपाटावर विसंबायला नको.

किनारा सोडून मी सगळं सड्यावरच लिहिलं, कारण भांडण तिथं आहे. पण समुद्रातल्या शेवाळाचा नमुना करताना बघणं हा निराळाच आनंद असतो. परातीत पाणी घ्यायचं, त्यात कागद बुडवायचा, त्यावर शेवाळ तरंगत सोडायचं आणि सुईनं एकेक फाटा मोकळा करत कागद हळूच वर उचलायचा. बहुतेक शेवाळांना डिंक लागत नाही, स्वतःच्याच चिकटपणावर ती कागदाला धरून राहतात. अॅना अॅटकिन्स नावाच्या इंग्लिश बाईनं १८४३ मध्ये अशी वाळलेली शेवाळं रसायन लावलेल्या कागदावर ठेवून उन्हात धरली आणि निळ्यावर पांढरी उमटलेली चित्रं पुस्तकात बांधली. फोटोचित्रं असलेलं जगातलं पहिलं पुस्तक ते. मालवण-वेंगुर्ल्याच्या शाळांना परात, कागद आणि ओहोटी यांपलीकडे काय लागतं? चित्रकलेचा तास आणि विज्ञानाचा तास एकत्र करायला हरकत कोणाची?

आता पुन्हा कायद्याकडे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं नवीन जात सापडली तर तिचा नमुना ठरलेल्या संग्रहात जमा करणं बंधनकारक केलं. म्हणजे ‘हे झाड नवीन आहे’ असं म्हणणाऱ्याकडून पुरावा मागतात. ‘इथं काही विशेष नाही’ असं म्हणणाऱ्याकडून मागत नाहीत. याच कायद्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीत लोकजैवविविधता नोंदवही व्हायची होती. हरित लवादानं ३१ जानेवारी २०२० ची मुदत घालून दंडाची तंबी दिली तेव्हा देशभर नोंदवह्या भरण्याची घाई उडाली. घाईत भरलेल्या वहीत गावच्या भाजीचं गावचं नाव असतं, आणि तेच नाव दोन खाड्या ओलांडल्या की दुसऱ्याच झाडाला लागू होतं. त्या वहीतल्या प्रत्येक नावासमोर एका शीटचा नंबर असता तर वही न्यायालयात उभी राहिली असती.

कातळशिल्पांचं, म्हणजे सड्यावर कोरलेल्या जुन्या चित्रांचं, उदाहरण ताजं आहे. हाच सडा, हाच पोटखराबा. गावातल्या आणि आजूबाजूच्या काही माणसांनी माती झाडली, चित्रं मोजली, नोंदली, आणि २०२२ मध्ये बारसू, देवाचे गोठणे, कशेळी, उक्षी यांची नावं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. बारसूला पुढच्याच वर्षी रिफायनरीविरोधात जे आंदोलन झालं ते सगळ्यांनी पाहिलं. त्या वादात शिल्पांना बोलता आलं, कारण त्यांची नोंद होती आणि ती बारा महिने जागेवर असतात. त्याच कातळाच्या भेगेतला गेंद ऑक्टोबरनंतर साक्षीला येऊ शकत नाही. त्याच्या वतीनं कागदच बोलणार.

म्हणून मागणी एवढीच. सड्यावरच्या कोणत्याही प्रकल्पाच्या, खाणीच्या अहवालात वनस्पतींची जी यादी जोडतात, तिच्यातल्या प्रत्येक नावापुढे सार्वजनिक संग्रहातल्या शीटचा नंबर आणि जून ते सप्टेंबरमधली तारीख असावी. जनसुनावणीत उभं राहिलेल्या माणसाला लॅटिन येत नसेल, नंबर विचारता येईल, आणि दापोलीला एसटीनं जाऊन ती शीट बघताही येईल. यावर कंपन्या आणि अधिकारी म्हणतील की त्यानं एक पावसाळा वाया जाईल. जाईल. मोजणीच्या तारखा, वारसनोंदी आणि फेरफार यांत इथल्या माणसांचे किती पावसाळे जातात हे तालुक्याच्या कचेरीत कोणालाही विचारावं, त्यातला एक सड्यावर काढायला हरकत नसावी.